माळ राख

एका गावात एक नियम होता, आणि तो कशासाठी आहे हे विचारायचं नाही, हाही नियमच होता.

नियम मोजून चार शब्दांचा: भुईचाफा उमलला, माळ राख.

गावाच्या डोक्यावर एक मोठा माळ होता. होळी होऊन गेली, झाडांना तांबूस पालवी फुटली की त्या माळावर भुईचाफा उमलायचा. हे फूल मोठं विचित्र. त्याला आधी पान येत नाही, फांदी येत नाही. सुकून भेगाळलेल्या जमिनीतून एके दिवशी थेट पाकळ्याच वर येतात, पांढऱ्या, मध्ये जांभळट. गावातले म्हातारे सांगत, ती फुलं नव्हेत, मेलेल्यांची बोटं आहेत. मातीतून वर येऊन ती गावातली घरं मोजतात. म्हणून पहिलं फूल दिसलं की त्याच संध्याकाळी माळ पेटवायचा. सगळ्याची राख झाली पाहिजे. नाही झाली तर त्या वर्षी गावात जन्मणारं पहिलं मूल जगत नाही.

असं मूल कधी दगावलं होतं, कुणाच्या घरचं, हे कुणी सांगत नसे. विचारायची सोयच नव्हती.

भीती इतकी खोल गेली होती की 'राख' हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नसे. चुलीतल्या राखेला तिथे 'पांढरी' म्हणत. भांडी पांढरीने घासत. आयाबाया मुलांना बोलायला शिकवत तेव्हा हा एक शब्द टाळून शिकवत. वर्षातून एकदाच, त्या संध्याकाळी, गावचे पाच जाणते पारावरून तो उच्चारत आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई.

आग लावायला एकच मुलगी वर जायची. त्या वर्षी जिचं लग्न ठरलेलं असेल ती. तिच्या हातात वाळक्या गवताची पेटती चूड द्यायची. तिने माळाच्या कडेला ती टेकवायची आणि मागे न बघता खाली यायचं. तोवर गाव दारं लावून बसे. कारण जळताना माळ ओरडत असे. खरोखर ओरडत असे. चिरक्या, उंच आवाजात, एकदम पुष्कळ ठिकाणांहून. लोक घरात पितळ्या बडवत बसत, म्हणजे तो आवाज कानावर येऊ नये.

माळाच्या पायथ्याशी एका माळ्याचा मळा होता. त्याच्या मुलीचं नाव येसू. यंदा तिचं लग्न ठरलं होतं.

गेल्या वर्षी शेजारची मथी वर गेली होती. येसू तिची जिवलग मैत्रीण. मथी खाली आली तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास होता. विहिरीवर बसून हात धूत राहिली. येसूने विचारलं, काय झालं गं? मथी म्हणाली, "काही नाही." आणि पुन्हा हात धुवायला लागली. पुढच्या महिन्यात ती लग्न होऊन गेली आणि माहेरी म्हणून परत आली नाही.

येसूला मथीचे ते हात आठवायचे. मळ्यात काम करताना, वाफ्यांना पाणी सोडताना, मध्येच आठवायचे.

तशी ती कामात वाघ. त्या गावात वसंतातलं मोठं काम म्हणजे भोपळ्यांची लग्नं लावणं. पहाटे फुलं उमलली की बायका मळ्यात जात. नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या, आतली पिवळी भुकटी लागलेली दांडी मादी फुलाच्या मध्ये हलकेच फिरवायची. असं प्रत्येक वेलीवर, प्रत्येक फुलाला. एखादं राहिलं तर त्याच्या खालचा एवढासा भोपळा पिवळा पडून गळून जायचा. काकड्यांचं तेच, कारल्यांचं तेच. बायकांच्या कमरा धरत. पण हे असंच असतं असं सगळ्यांना वाटे.

येसूची वहिनी मात्र दूरच्या गावची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्याच पहाटे ती वेलींमध्ये उभी राहून हसत सुटली होती.

"फुलांची लग्नंसुद्धा तुम्हीच ठरवता होय? आमच्याकडं हे काम माश्या करतात."

सासूने डोळे वटारले तशी ती गप्प झाली. येसूने नंतर हळूच विचारलं, कसल्या माश्या? वहिनीने सांगितलं, मधमाश्या. येसूने अख्ख्या मळ्यात मधमाशी कधी पाहिली नव्हती.

यंदा वहिनीला दिवस गेले होते. गावात त्या वर्षीचं पहिलं मूल तिचंच होणार होतं. त्यामुळे येसूच्या घरी सगळ्यांचे डोळे सारखे माळाकडे लागलेले. आप्पा, म्हणजे येसूचे वडील, जेवतानाही खिडकीतून वर बघत. तिची आई रोज सुनेची दृष्ट काढी आणि लेकीला बजावी, चूड घट्ट धर, नीट लाव, एक काडी शिल्लक ठेवू नकोस. आपल्याच घरचा जीव आहे.

येसू मान हलवी. तिलाही वहिनीचं बाळ हवं होतं. त्यासाठी तिने कुंची शिवायला घेतली होती.

एका दुपारी वहिनीने अंगणात सांडगे वाळत घातले होते. ऊन चढलं, तिला घेरी आल्यासारखं झालं. ती उठत म्हणाली, "मी जरा आत पडते. येसू, तेवढे सांडगे राख गं."

येसूच्या हातातलं सूप खाली पडलं.

वहिनी आत गेलीसुद्धा. येसू तशीच उभी. गावात जो शब्द वर्षातून एकदा उच्चारतात, तो ही भरदुपारी, सांडग्यांपुढे उच्चारून गेली होती. काहीतरी अशुभ दिसलं असणार हिला, तिला वाटलं. पोटुशी बाई, तिला दिसतं म्हणतात. मग ती चुलीशी गेली, एक जळतं लाकूड उचललं आणि सांडग्यांच्या चटईशी आली.

धुराच्या वासाने वहिनी बाहेर आली.

"अगं, काय करतेस? दोन दिवस खपून घातलेत ते."

"तूच म्हणालीस ना."

"मी काय म्हणाले?"

येसूला तो शब्द उच्चारवेना. ती नुसती लाकडाकडे बघत राहिली. वहिनीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती पोट धरून उंबऱ्यावरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"राख म्हणजे सांभाळ गं, वेडाबाई. कावळ्यांपासून सांभाळ. आमच्याकडं गुरं राखतात, शेत राखतात. तुझ्या लग्नात पाठराखीण नाही का येणार? ती काय तुझी पाठ जाळणार आहे?"

येसूच्या गावात पाठराखणीला 'सोबतीण' म्हणत. गुरं 'बघत', शेत 'सांभाळत'. शब्द टाळता टाळता गाव त्याचा दुसरा अर्थच विसरून गेलं होतं.

येसूने जळतं लाकूड मातीत दाबून विझवलं. तिच्या मनात ते चार शब्द पुन्हा पुन्हा फिरत होते. भुईचाफा उमलला. माळ राख. आणि दर फेऱ्यागणिक तिला जास्त भीती वाटत होती. कारण हे खरं असेल तर इतकी वर्षं गाव काय करत आलं होतं?

तिने वहिनीला ते सांगितलं. वहिनीचं हसू मावळलं.

"ते तुमच्या गावचं तुम्ही बघा बाई," ती म्हणाली. तिचा हात आपोआप पोटाकडे गेला होता. "मला तसं म्हणायचं नव्हतं. शब्दाला काय, दोन अर्थ असतात. पण समज, म्हातारे म्हणतात तेच खरं असलं तर? तू लाव ती चूड. माझ्यासाठी लाव."

दुपारची जेवणं झाली, घर कलंडलं, तशी येसू मागच्या दाराने निघाली. ज्या माळावर चूड घेतलेल्या मुलीखेरीज कुणी पाऊल टाकत नसे, तिथे ती एकटी, रिकाम्या हातांनी चढायला लागली.

वाळलेलं गवत कमरेइतकं. वारा नसतानाही ते हलल्यासारखं वाटत होतं. दर पावलाला वाटे, आता पायाखाली बोट येईल. पहिलं फूल दिसलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग वास आला. थंड, गोडसर, घरात कधी न आलेला वास. तिने एक डोळा उघडला. ते बोट नव्हतं. त्याला पाकळ्या होत्या आणि आतल्या जांभळ्या रंगावर एक मुंगी शांतपणे फिरत होती.

ती खाली बसली. भीती गेली नाही, पण ती बघायला लागली.

करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी लगडल्या होत्या. उतारावर धायटीची झुडपं लालभडक झाली होती. कुड्याला फुलं आली होती. लांबून जो माळ नुसता करडा, मेलेला दिसायचा, तो जवळून एवढा फुललेला होता की कुठे पाय ठेवावा कळेना. एका जाळीत तिला बारीक गुणगुण ऐकू आली. फांदीला तळहाताएवढं पोळं लटकलं होतं. नवीन, नुकतं बांधायला घेतलेलं. मधमाश्या करवंदीच्या फुलांवर जात होत्या, परत येत होत्या. म्हणजे माश्या दर वर्षी कुठूनतरी इथवर येत होत्या. घर बांधायला घेत होत्या. आणि मग ती संध्याकाळ येत होती.

येसूला आपल्या आईची वाकलेली कंबर आठवली.

ती उठायला गेली तोच पायाजवळून एक टिटवी किंचाळत उडाली. इतक्या जोरात की येसू मागे कोसळली. टिटवी तिच्या डोक्याभोवती फिरत ओरडत राहिली. एक आली, मग दुसरी. उंच, चिरका आवाज. येसूने तो ओळखला. लहानपणापासून ती दारं लावून, पितळी बडवत तोच आवाज ऐकत आली होती.

दगडांमध्ये, उघड्यावर, तिच्या हाताच्या अंतरावर चार ठिपकेदार अंडी होती.

मथीने मागे वळून पाहिलं असणार, हे तेव्हा येसूला कळलं. मथीने पाहिलं असणार.

खालून ढोल वाजायला लागला. पारावरून कुणालातरी कडेचा भुईचाफा दिसला होता.

येसू मागच्याच वाटेने धावत खाली आली. ती कुठे गेली होती हे कुणाला कळलं नाही. आईने तिच्या खांद्यावर ओलं लुगडं टाकलं, हातात नवा चुडा भरला. आप्पांनी तिच्याकडे न बघता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सूर्य टेकला तेव्हा सगळं गाव पारापुढे जमलं होतं. लहान मुलं आयांच्या पदरात तोंड खुपसून उभी. वहिनी भिंतीला टेकून होती, दोन्ही हात पोटावर.

पारावर पाच जाणते बसले होते. दाजीबा सगळ्यांत थोरले. त्यांनी होळीच्या जपून ठेवलेल्या विस्तवावर चूड पेटवली आणि ते चार शब्द उच्चारले. शेवटच्या शब्दाला बायकांनी कानांवर हात ठेवले.

येसूने चूड हातात घेतली. पण ती वळली नाही.

"दाजीबा आजोबा, राख म्हणजे काय?"

गर्दीत कुणीतरी दचकून श्वास ओढला. दाजीबांनी वर बघितलं. पोरीने तो शब्द चारचौघांत उच्चारला होता, आणि वर प्रश्नही विचारला होता.

"राख म्हणजे राख. जा, दिवस बुडतोय."

येसूने मग सांगितलं. राख म्हणजे सांभाळ. फुलं आली की माळ सांभाळायचा, गुरं सोडायची नाहीत, आग लागू द्यायची नाही, असं कुणीतरी शहाण्या माणसाने सांगून ठेवलं होतं, आणि आपण उलटं करत बसलो. मधमाश्यांचं सांगितलं, भोपळ्यांचं सांगितलं. माळ ओरडतो म्हणजे कोण ओरडतं तेही सांगितलं. म्हणजे ती माळावर जाऊन आली होती हे सगळ्यांना कळलं.

दाजीबांना राग आला होता, पण त्याहून जास्त काहीतरी झालं होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "समजा असेल तसं. मग इतकी वर्षं जाळलं ते काय म्हणायचं आम्ही? चुकलो म्हणायचं? या वयात?"

"म्हणा की. जीभ झडत नाही."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दुसरे एक जाणते चिडून म्हणाले, आजवर इतक्या मुली गेल्या, कुणी तोंड वर करून बोलली नाही, तूच काय ती शहाणी?

"तेच विचारायचंय," येसू म्हणाली. "दर वर्षी लग्न ठरलेलीच मुलगी का?"

पाचांतले एक जाणते ऐकायला जरा कमी होते. त्यांना वाटलं, पोरीला खरंच माहिती नाही, सांगितलं पाहिजे. ते समजावणीच्या सुरात मोठ्याने म्हणाले, "अगं, ती सासरी जाते ना. तिच्याबरोबर माळ जाळल्याचं पाप गावाबाहेर जातं."

दाजीबांनी त्यांचा हात दाबला. पण तोंडातून गेलं ते गेलं.

येसूच्या डोळ्यांपुढे मथीचे हात आले. म्हणजे यांना ठाऊक होतं. माळ जाळणं पाप आहे हे या पाचही जणांना पक्कं ठाऊक होतं. तिला रडू आलं नाही. तिला इतका संताप आला की भीतीसुद्धा क्षणभर बाजूला सरली.

दाजीबांनी शेवटचा डाव टाकला. त्यांनी बोट भिंतीकडे केलं. "तिच्याकडे बघ. तिच्या पोटाकडे बघून सांग काय ते."

येसूने बघितलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि गेलेली भीती परत आली, होती तेवढीच, कदाचित जास्त. उद्या त्या बाळाला काही झालं तर गाव काय म्हणेल ते तिला माहीत होतं. ती स्वतः स्वतःला काय म्हणेल तेही माहीत होतं. चुडीची आग वरून खाली सरकत होती आणि तिची धग बोटांना लागायला लागली होती.

"बाळाचं काय होईल ते मला ठाऊक नाही, आजोबा," ती म्हणाली. "तुम्हालाही ठाऊक नाही. पण वर काय होईल ते मला ठाऊक आहे, मी बघून आलेय. मी माळ जाळणार नाही."

"मग दुसरी कुणी जाईल."

"दुसरी कशाला?"

ती पाराच्या दोन पायऱ्या चढली. आजवर कुठली मुलगी त्या पायऱ्या चढली नव्हती. तिने चूड दाजीबांच्या समोर धरली.

"तुम्हाला एवढी खात्री आहे तर तुम्ही घ्या. वर जा आणि लावा. वाट मी दाखवते."

दाजीबांनी हात उपरण्याखाली घेतला. तिने चूड दुसऱ्यांपुढे धरली. ते मागे सरकले. तिसऱ्यांनी मान फिरवली. चौथ्यांनी डोळे मिटले. कानांनी कमी असलेल्या त्या म्हाताऱ्यांना या वेळी मात्र नीट कळलं होतं. ते आपल्या तळहातांकडे बघत बसले.

भिंतीपासून निघून वहिनी हळूहळू पुढे आली आणि पायरीपाशी, येसूच्या पाठीमागे उभी राहिली.

येसूने चूड तशीच पुढे धरून ठेवली होती. तिच्यातून एकेक ठिणगी खाली पडत होती आणि पाराच्या दगडावर विझत होती. सगळं गाव त्या पाच तोंडांकडे बघत होतं, आणि चूड विझून गेली तरी पाचांपैकी एकाचाही हात पुढे आला नाही.

तात्पर्य: जे काम करायला सांगणाऱ्याचा स्वतःचा हात धजत नाही, ते नियम म्हणून आपल्या हातात दिलं गेलं तर आधी 'का' म्हणून विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत हात मागे ठेवावा.